बैठक बसवण्याआधी पप्पांना एक फोन कर

पत्र: माझं वय 25. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. 2022 ला बी.एस्सी. ॲग्री झाले. ऑगस्ट 2023 पासून पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससी करते. दोन पूर्व परीक्षा दिल्या. दुसऱ्या पूर्वची उत्तरतालिका लावून पाहिली तर मागच्या कटऑफच्या 11 गुण खाली आहे. खोलीतली कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज धरून महिन्याला 11 हजार लागतात, ते पप्पा पाठवतात. घरी पाच एकर कोरडवाहू. यंदा 40 क्विंटल सोयाबीन झालं, 4,200 नं गेलं. दादा चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला आहे, दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. पुढं काय करायचं यावर घरात एकमत नाही. आई म्हणते वय निघून चाललंय, स्थळं येताहेत. दादा म्हणतो अजून दोन वर्षं दे. काका झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत, ते म्हणतात बँकेची परीक्षा दे. पप्पा काहीच बोलत नाहीत. परीक्षेनंतर घरी जाऊन सगळ्यांना बसवलं, तर दादाचं आणि आईचंच भांडण लागलं आणि मी रडत उठले. घरच्यांना सोडून मला काही ठरवायचं नाही. पण ऐकायचं कुणाचं?

सल्ला:

तुझ्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत. पण एक आकडा त्यात नाही, आणि आमच्या मते सगळं तिथंच अडलंय. तूच दिलेल्या माहितीवरून हिशोब मांडून बघ. 40 क्विंटल गुणिले 4,200, म्हणजे 1 लाख 68 हजार. नांगरट, बियाणं, खत, फवारण्या, काढणी आणि मळणी मिळून एकरी 18 हजार खर्च धरू. पाच एकरांचे 90 हजार झाले. हातात राहिले 78 हजार. तूर आणि दुधाचे पैसे घरखर्चाला जातात असं समज. तुझा पुण्याचा वर्षाचा खर्च 1 लाख 32 हजार. वरचे 54 हजार कुठून येतात? 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावानं सगळा माल गेला असता तरी 45 हजार जास्त आले असते, तेवढ्यानंही खड्डा भरत नाही.

दादा देतो का? गावच्या सोसायटीचं पीककर्ज वाढवलंय का? आईचं सोनं तारण आहे का? तुला हे माहीत नसणार, नाहीतर पत्रात आलं असतं. पप्पा बोलत नाहीत त्याचं कारणही बहुधा हेच असावं. परवडत नाही असं म्हणावं तर लेकीचं मन मोडतं, परवडतं म्हणावं तर खोटं बोलावं लागतं. मग माणूस गप्प बसतो. त्यामुळे बैठकीचा विचार सध्या बाजूला ठेव. आधी हा आकडा कळला पाहिजे.

फोनवर एवढंच सांग, की पुढच्या वेळी येईन तेव्हा मला घराचा हिशोब समजून घ्यायचाय, वही घेऊन बसू. फोनवर रक्कम विचारू नकोस. "तू अभ्यासाकडं लक्ष दे" एवढंच उत्तर येईल. पण आठ-पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं की त्यांना मनाची तयारी करायला वेळ मिळतो.

गावी जायचं ते दोन दिवसांसाठी जाऊ नकोस, आठवडा काढ. वेळही बघून निवड. पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. सणाला पाहुणे असतात, आणि पाहुण्यांसमोर आई-वडील खरं बोलत नाहीत. तुरीची रास झाल्यावर आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आधीचे दिवस तुमच्याकडं बरे. लग्नसराई लागली की प्रत्येक मांडवात आईला कुणीतरी विचारणार, आणि ती रोज संध्याकाळी नवीन धास्ती घेऊन घरी येणार.

त्या आठवड्यातले पहिले चार दिवस प्रत्येकाला एकेकटं गाठ. मागच्या वेळी तू सगळ्यांना एकदम बसवून "मी काय करू?" असं विचारलंस. हा प्रश्न मताचा आहे. मत मागितलं की माणूस ते मांडतो आणि मग त्याला धरून बसतो, कारण चारचौघांत माघार घेणं जड जातं. एकेकट्याला विचारायचं ते त्याला जे ठाऊक आहे ते, आणि तो काय देऊ शकतो ते. मत आपणहून येईलच, ते ऐकून घे, पण त्यावर वाद घालत बसू नकोस.

पप्पांना घरात समोरासमोर बसवून विचारू नकोस. शेतात त्यांच्यासोबत जा, हाताला काम असताना विचार. चार गोष्टी कळल्या पाहिजेत: सोसायटीचं पीककर्ज किती आणि कधी भरायचंय, त्याशिवाय कुणाचे हातउसने आहेत का, सोनं तारण आहे का, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त ओढाताण होते. पीककर्ज वेळेत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते, म्हणून ती तारीख तुला पाठ पाहिजे. त्या महिन्यात क्लासची फी मागणं आणि दोन महिन्यांनी मागणं यात घराच्या दृष्टीनं फार फरक आहे. आकडा ऐकून रडू आलं तर येऊ दे, पण "मग मी परत येते" असं तिथल्या तिथं म्हणू नकोस. अपराधीपणातून घेतलेला निर्णय वर्षभरात उलटतो आणि मग त्याचा दोष घरच्यांवर जातो.

आईशी बोलायला सगळ्यात जास्त वेळ ठेव. "वय निघून चाललंय" या वाक्यामागं बहुतेक वेळा एक ठरावीक प्रसंग असतो. कुणीतरी हळदी-कुंकवात टोमणा मारलेला असतो, किंवा चांगलं स्थळ परत पाठवताना तिला काय सांगावं ते सुचलेलं नसतं. तो प्रसंग काढून घे. मग तिला एक वाक्य दे, जे ती कुणालाही सांगू शकेल: "नोव्हेंबरपर्यंत पोरीच्या परीक्षा आहेत, तोवर आम्ही स्थळ बघत नाही, डिसेंबरात या." यात तारीख आहे, म्हणून ते टिकतं. "शिकतेय अजून" म्हटलं की समोरचा "किती दिवस?" असं विचारतो, आणि आईकडं त्याला उत्तर नसतं. दोन वर्षं ती हेच सोसत असणार.

दादाशी बोलताना वहिनीलाही बसव. दादा पैसे देत असेल तर ते त्या दोघांच्या संसारातून येतात, आणि वहिनीला न विचारता मिळालेली मदत कधीतरी तुटते. तीही कंत्राट संपतं त्याच महिन्यात. त्याला सरळ विचार: कंत्राट कधीपर्यंत आहे, महिन्याला किती देणं झेपतं, काम सुटलं तर किती महिने काहीच देता येणार नाही. "अजून दोन वर्षं दे" असं तो प्रेमानं म्हणतो, पण त्या दोन वर्षांचे 2 लाख 64 हजार होतात. हा आकडा त्यानं तोंडानं म्हटलेला नाही. म्हणू दे.

काकांचं बोलणं तुला टोचलं असेल, तरी ते सांगतात त्यात तथ्य आहे. आयबीपीएस या बँक भरती घेणाऱ्या संस्थेच्या विशेषज्ञ अधिकारी भरतीत कृषी क्षेत्र अधिकारी हे पद आहे. त्याला तुझीच पदवी लागते. खुल्या गटासाठी वयाची अट 20 ते 30 आहे, राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. एमपीएससीत खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत दार उघडं आहे. म्हणजे बँकेचं दार आधी बंद होणार, आणि तू नेमकी त्याच दाराकडं पाठ करून बसलीयस. दोन्हींत कोणती परीक्षा मोठी, हा मुद्दा इथं नाही. जे दार आधी बंद होणार तिथं आधी जायचं, एवढाच हिशोब आहे. काकांना त्या परीक्षेची जाहिरात, फॉर्मच्या तारखा आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवायचं काम दे. शिक्षक माणूस आहे, काम मिळालं की भाषण आपोआप कमी होतं.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेव. सल्ला सगळ्यांचा घ्यायचा. पण ज्याचा पैसा जातो, ज्याच्या घरात राहायचं आहे आणि जिचं आयुष्य आहे, त्यांचंच मत निर्णयात धरायचं. तुमच्या घरात ही माणसं पप्पा, आई, दादा-वहिनी आणि तू. काका सल्लागार. हे त्यांना बोलून दाखवायची गरज नाही.

मग दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर पैसा: घरात काय येतं, काय जातं, कर्ज किती, तुझ्यावर किती. दुसऱ्या पानावर वाटा, आणि त्या तीनच. पाच-सहा पर्याय लिहिले की कुणी कशावरच नीट बोलत नाही. प्रत्येक वाटेपुढं तीन गोष्टी लिही: किती महिने, किती पैसे, आणि जमलं नाही तर हातात काय उरतं. हा तिसरा रकाना लोक सोडून देतात, आणि नंतर त्याचाच पश्चात्ताप करतात.

पहिली वाट, पूर्ण वेळ एमपीएससी. इथं भावना बाजूला ठेवून तुझी उत्तरपत्रिका तपासायला पाहिजे. पूर्वच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाची, म्हणजे अर्ध्या गुणाची वजावट. चुकलेला एक प्रश्न बरोबर झाला की अडीच गुण वाढतात. पाच प्रश्न सुधारले की तुझे 11 गुण भरून निघतात. हे अशक्य अजिबात नाही. पण चुकलेले प्रश्न विषयवार मांड. चुका एक-दोन विषयांत साठलेल्या असतील तर तीन महिन्यांत काम होतं. सगळ्या विषयांत सारख्या विखुरलेल्या असतील, तर अडचण वाचनात नसून अंदाजानं गोळे रंगवण्यात असू शकते, आणि त्याला आणखी एका क्लासचा उपयोग नाही. दुसरा पेपर 33 टक्क्यांचा पात्रतेपुरता आहे, त्यात अडकली नसशील असं समजतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. गुणांत धरले जाणारे सात पेपर, प्रत्येकी 250, म्हणजे 1,750, आणि मुलाखत 275 ची. मराठी-इंग्रजीचे दोन पेपर पात्रतेचे, ते वेगळे. वैकल्पिक विषयांत कृषी आहे, ही तुझी खरी ताकद. पण उत्तरं लिहायच्या सरावाबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. गावी जायच्या आधी घड्याळ लावून दहा उत्तरं लिही आणि मुख्य दिलेल्या कुणाकडून तरी तपासून घे. पूर्व निघाली तरी मुख्यला किती तयारी लागेल याचा अंदाज त्याशिवाय येणार नाही, आणि बैठकीत तू "यंदा नक्की निघेल" एवढंच म्हणशील. ते घरच्यांनी दोनदा ऐकलंय.

दुसरी वाट, बँकेची परीक्षा मुख्य धरून एमपीएससी सोबत चालू ठेवणं. तिथंही पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे आहेत. मुख्यचा व्यावसायिक ज्ञानाचा पेपर म्हणजे तुझा कृषीचाच अभ्यास, आणि वैकल्पिक कृषीशी त्याचा बराच भाग जुळतो. पूर्वमध्ये मात्र गणित, रीझनिंग, इंग्रजीचा वेग लागतो. एमपीएससीची मुलं तिथंच पडतात, कारण त्यांना वाचायची सवय असते, सोडवायची नसते. रोज दीड तास, घड्याळ लावून, किमान चार महिने. ही तयारी लातूरच्या अभ्यासिकेतही होते.

तिसरी वाट तू पत्रात लिहिलेली नाहीस, पण वहीत लिही: आपलं स्वतःचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन परवाने लागतात, आणि त्यासाठीची पात्रता तुझ्या पदवीत आहे. शेतीच्या पदवीधरांसाठी केंद्राची ॲग्री क्लिनिक योजना आहे: 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण, वैयक्तिक प्रकल्पाला 20 लाखांपर्यंत कर्ज, त्यावर महिलांना 44 टक्के अनुदान. अनुदान आधी हातात पडत नाही, कर्जाला जोडून येतं, आणि बँकेचा व्यवस्थापक प्रकल्प अहवाल बघूनच पुढं सरकतो. दुकान बुडतं ते उधारीनं. जूनमध्ये माल उधार जातो, पैसे सोयाबीन विकल्यावर येतात, आणि भाव पडला तर तेव्हाही येत नाहीत. म्हणजे चार-पाच महिने भांडवल गावात अडकून राहणार. घरावर आधीच कर्ज असेल तर ही वाट यंदा उघडू नका. पण 30 नंतरही जी तुझ्यासाठी उघडी राहते अशी ही एक वाट आहे, म्हणून ती वहीत हवी. स्पर्धा परीक्षेची मुलं "नाही झालं तर काय" या प्रश्नाला बिचकतात ती समोर काहीच दिसत नसतं म्हणून. तुझ्यासमोर आहे.

आता बैठक. सकाळी, धारा आणि चहा झाल्यावर. रात्री जेवणानंतर नको; माणसं दमलेली असतात आणि जुन्या गोष्टी निघतात. दीड तास पुरे. पहिली दहा मिनिटं तू वही वाचून दाखव, पहिलं पान मोठ्यानं. मग एकेक जण सांगेल की आपण काय देऊ शकतो आणि काय नाही. या फेरीत सल्ला कुणीच द्यायचा नाही. पप्पांपासून सुरुवात कर आणि काकांना शेवटी ठेव. हे फार महत्त्वाचं आहे. शिकलेला भाऊ आधी बोलला की शेतकरी भाऊ "तू म्हणतोस ते बरोबर" म्हणून संपवतो, आणि तुला नेमकं त्यांचंच ऐकायचं आहे. दुसऱ्या फेरीत तीन वाटा.

दादाच्या लग्नाचा खर्च, मागं परत पाठवलेलं स्थळ, चुलत बहिणीची नोकरी, यातलं काहीतरी निघेलच. निघालं की वहीच्या शेवटच्या पानावर लिही आणि म्हण, "यावर संध्याकाळी बोलू." आवाज चढले तर उठा, चहा करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. एकाच बैठकीत संपलं पाहिजे असं काही नाही. तू आठवडा काढून आलीयस तो त्यासाठीच.

तिसऱ्या पानावर जे ठरेल ते लिहायचं. आमचं मत विचारशील तर दुसरी वाट धर, आणि पान साधारण असं होईल: "फेब्रुवारी ते जुलै पुण्यात, महिना 11 हजार, एकूण 66 हजार. ऑगस्ट ते नोव्हेंबर गावाहून लातूरच्या अभ्यासिकेत, महिना 3 हजार, एकूण 12 हजार. 78 हजारांच्या वर खर्च नाही. बँकेचा फॉर्म भरायचाच. नोव्हेंबरपर्यंत स्थळ नाही. 30 नोव्हेंबरला पुन्हा बसायचं." पप्पांनी सांगितलेल्या आकड्याप्रमाणे यातली रक्कम कमी-जास्त होईल. तुझ्या अंदाजानं वाढवू मात्र नकोस.

थांबायची मर्यादा महिन्यांत आणि रुपयांत लिही. "अजून एक अटेम्प्ट" असं लिहू नकोस. का, ते तू स्वतः भोगलंयस. 2024 ची पूर्व 28 एप्रिलला ठरली होती, ती झाली 1 डिसेंबरला. पुढची, 2025 ची, 28 सप्टेंबरची पूर्व पुरामुळं 9 नोव्हेंबरला गेली. पहिल्या वेळी सात महिने तारीख सरकली, म्हणजे तुझ्या दरानं 77 हजार रुपये. अटेम्प्ट एकच मोजला गेला, पैसे सात महिन्यांचे गेले. म्हणून पानावर एक वाक्य जास्तीचं घाल: परीक्षा पुढं गेली तर पुण्यातला मुक्काम वाढणार नाही, अभ्यास गावी चालू राहील.

लग्नाबद्दल एक सांगायचं राहिलं. मधेच असं स्थळ येईल की "लग्नानंतरही शिकू देऊ, आमची काही हरकत नाही." सगळ्यांना ते सोयीचं वाटेल. तेव्हा आईला मोकळेपणानं विचारायला लाव: मुलगी राहणार कुठं, फी आणि पुस्तकांचा खर्च कोण करणार, परीक्षेला दुसऱ्या शहरात जायचं तर सोबत कोण, पहिल्या दोन वर्षांत मुलाचा आग्रह धरणार का. ज्यांनी खरंच विचार केलाय ते उत्तरं देतात. "बघू, होईल सगळं" असं आलं तर ते स्थळ डिसेंबरपर्यंत थांबेल का, एवढंच विचारायचं.

आणि घरच्यांनी एक रुपयाही देता येणार नाही असं सांगितलं तर? तेही खरं उत्तर आहे, त्याला विरोध समजू नकोस. खत-बियाणांच्या कंपन्यांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत कृषी पदवीधरांना क्षेत्रीय कामं मिळतात. वर्षभर ते करून बँकेची परीक्षा देता येते. सकाळचे दोन तास आणि रविवार, एवढंच हातात राहील, म्हणून त्या वर्षी एमपीएससी सोबत ओढू नकोस.

पान लिहून झालं की सगळ्यांनी सही करायची, आईनंसुद्धा. वही घरीच ठेव, आईच्या ताब्यात. तुझ्याकडं फोनमध्ये फोटो असू दे. दर महिन्याच्या 5 तारखेला पंधरा मिनिटांचा फोन, त्यात तीनच गोष्टी सांगायच्या: किती टेस्ट दिल्या, किती गुण आले, किती खर्च झाला. महिना वाईट गेला असेल तरी गुण सांग. एप्रिलअखेर सलग तीन टेस्टमध्ये आकडा वर सरकत नसेल तर जुलैची वाट बघू नकोस, तेव्हाच घरी फोन करून लातूरला ये. लातूरचा खर्च वजा जाता वाचलेले 24 हजार पेरणीला लागतील.